डोंगरपायथ्याची जमीन : टनाचा भाव आणि गुंठ्याचा भाव



सालाबादप्रमाणे ऊस नोंदीचे काम सुरू झाले की आमच्या शेतकी खात्याची माणसे शिवारोशिवार फिरू लागतात. मीही फिरतो. गेल्या नोंदीच्या वेळी वाई तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावी चिटबॉयबरोबर गेलो होतो. जुन्या नोंदवहीत ज्या गटात ३० गुंठे आडसाली लागण होती, तेथे या वेळी दगडी कंपाउंड, लोखंडी फाटक आणि आत हिरवळ दिसली. फाटकापाशी खुर्ची टाकून एक वयस्क गृहस्थ बसले होते. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून थांबलो, तर ते आपलेच जुने सभासद. जमीन त्यांचीच होती, आता बंगला दुसऱ्याचा आणि राखण यांची. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना त्यांनी हळूच विचारले, "साहेब, ऊस न्हाय आता, पण दिवाळीची सभासद साखर मिळंल नव्हं?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. सभासदत्वाचे नियम पोटनियमांत लिहिलेले आहेत, ते ऑफिसात पाहून सांगतो, असे म्हणून मी गाडीला किक मारली. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. उसाची लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या यांवर मी या अंकांतून नेहमीच लिहितो. आज मात्र ज्या जमिनीवर हे सारे चालते, त्या जमिनीच्या बाजाराविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. कारण आपल्या पायथ्याच्या गावांत हल्ली उसाच्या दरापेक्षा गुंठ्याच्या दराचीच चर्चा पारावर अधिक चालते.

ही मागणी आली कोठून?

डोंगरावर घर बांधण्याची हौस काही आजची नाही. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून इंग्रजांनी वसविले ते १८२८-२९ च्या सुमारास, गव्हर्नर माल्कम यांच्या काळात. पुढे पाचगणी वसली, तेथे शाळा निघाल्या. परंतु ही सारी वस्ती घाटाच्या वर. पसरणी घाटाखाली आपण आपली हळद, भुईमूग, ज्वारी करीत होतो. धोम धरणाचे पाणी पाटाला आले, तसा ऊस वाढला. साडेतेरा अब्ज घनफूट साठ्याच्या या धरणाने आपल्या भागाचे रूप पालटले, हे नव्याने सांगावयास नको.

घाटावरची मागणी खाली उतरण्यास तीन-चार गोष्टी कारण झाल्या. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र शासनाने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि वर बांधकामास बंधने आली. पुणे-सातारा महामार्ग रुंद झाला, त्यामुळे पुण्याचा माणूस शनिवारी न्याहारी करून निघाला तरी दुपारच्या जेवणाला वाईत पोहोचू लागला. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील कास पठारही आहे, त्याने या भागाचा बोलबाला वाढला. मेणवलीचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा सिनेमावाल्यांनी देशभर दाखविला. पुढे २०२० साली कोरोनाची साथ आली, शहरातील नोकरदार घरी बसून काम करू लागला आणि मोकळ्या हवेची किंमत त्याला कळली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून शासनाने मुद्रांक शुल्क काही महिने ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत ३ टक्क्यांवर ठेवले होते. त्या काळात व्यवहारांना वेग आला.

यात विशेष असे की आपल्या वाई-जावळी भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी म्हणून, गिरणीत, गोदीत कामाला गेली. तेथे दहा बाय दहाच्या खोलीत चार-चार बिऱ्हाडांनी दिवस काढले. मुंबईत गुंठाभर जागा आपल्याला कधी परवडली नाही. आता त्याच मुंबईचा माणूस आपल्या गावात अर्धा एकर घेतो आणि आपला मुलगा गावात घरापुरती जागा शोधत फिरतो.

हिशेब मांडून पाहू

जमीन विकू नका, ती काळी आई आहे, असे सांगणे सोपे असते. परंतु केवळ भावनेवर प्रपंच चालत नाही, म्हणून प्रथम आकडे पाहू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सव्वादहा टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली. उताऱ्याप्रमाणे ती कमी-जास्त होते आणि तीतून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेबापुरते हातात टनाला २,८०० रुपये पडले असे धरू. एकरी ४५ टन उतारा पडला, तर १ लाख २६ हजार रुपये झाले. नांगरट, बेणे, खते, भांगलण, पाणीपट्टी, मजुरी मिळून ६६ हजार खर्च धरला, तर १४-१५ महिन्यांच्या कष्टाचे ६० हजार शिल्लक राहतात.

आता गुंठ्याचा हिशेब. रस्त्याकडेची, डोंगराचे दृश्य दिसणारी जमीन गुंठ्याला ३ लाख रुपये भावाने गेली असे समजू. आपापल्या शिवारातील खरा भाव ज्याने त्याने घालून पाहावा. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे १ कोटी २० लाख. बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७ लाख २० हजार व्याज. कोठे ६० हजार आणि कोठे सव्वासात लाख! या हिशेबात ऊस हरतो. मी ऊस विकास अधिकारी असूनही हे लपवीत नाही. जो सभासद मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा सोसायटीच्या थकबाकीसाठी जमीन विकतो, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

परंतु हिशेब येथेच संपत नाही. सात-बाऱ्यावर एकच नाव क्वचित असते. दोन भाऊ, दोन बहिणी धरल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० लाख येतात. त्याचे व्याज महिन्याला १५ हजार. त्यातून घराचा स्लॅब, चारचाकी, लग्नाचा थाट निघाला की मुद्दल निम्मे होते. उरलेल्या मुद्दलाचे पूर्ण व्याज खात गेलो आणि महागाई वर्षाला साडेपाच टक्के धरली, तर त्या पैशांची खरेदी-शक्ती साधारण १३ वर्षांत पुन्हा निम्म्यावर येते. जमीन विकताना ४० वर्षांचा असलेला माणूस तेव्हा ५३ वर्षांचा असेल. अजून पुष्कळ आयुष्य काढायचे असते, आणि विकलेली जमीन त्या भावाने परत मिळत नाही.

गुंठ्याचे ३ लाख मातीच्या कसाचे येत नाहीत. माती तर पूर्वीचीच आहे. ते पैसे समोर दिसणाऱ्या डोंगराचे, मोकळ्या हवेचे, धरणाच्या पाण्याचे आणि मध्ये पसरलेल्या हिरव्या शिवाराचे आहेत. म्हणजे गिऱ्हाईक जमीन एका सभासदाची विकत घेतो, परंतु किंमत साऱ्या गावाच्या शिवाराची मोजतो. सगळ्यांनीच विकले आणि जिकडे-तिकडे कंपाउंडे उभी राहिली, तर शेवटी विकणाऱ्याला तो भाव मिळणार नाही.

हा बाजार कितपत पक्का आहे?

पुष्कळांना वाटते की भाव आता वरच जाणार. तसे मानण्यास आधार नाही. ही दुसऱ्या घराची मागणी आहे. पहिले घर माणूस पोट मारून घेतो, दुसरे घर हाती शिल्लक असली तरच घेतो. शिवाय शेतजमीन घेण्यास बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. बहुतेक व्यवहार शिलकीच्या पैशांतून होतात. त्यामुळे शहरात नोकऱ्यांची ओढाताण झाली किंवा पैसा आटला की येथील गिऱ्हाईक सर्वांत आधी थांबते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा साठेखते करून बसलेल्या अनेकांचे पुढील हप्ते महिनोन्‌महिने आले नाहीत, हे आपण पाहिले आहे.

मोठ्या योजनांचेही तसेच. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा नावाचे डोंगरातील शहर उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविण्याचा आदेश दिला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी घरांसाठी पैसे भरले ते अडकले आणि ज्या गावकऱ्यांनी पुढील रोजगाराच्या भरवशावर जमिनी दिल्या तेही वाट पाहत राहिले. आपल्याच जिल्ह्यात सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांसाठी नवीन महाबळेश्वर गिरिस्थानाचे नियोजन शासनाने रस्ते विकास महामंडळाकडे सोपविले. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचनाही जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाली. एका हाताने बांधकामाला वाट आणि दुसऱ्या हाताने बंधन, अशी स्थिती आहे. अशा वेळी नकाशावरील रेघ पाहून जमीन देणे अगर घेणे धोक्याचे होय.

निसर्गाचेही लक्षात ठेवावे. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेलाही दरडीने घरे गाडली. जुन्या माणसांनी घरे कोठे बांधली आणि कोठे बांधली नाहीत, यामागे अनुभव होता. ओढ्याच्या तोंडावर व उतार तोडून बांधलेले घर दिसायला देखणे असले तरी पावसाळ्यात ते आपली आणि खालच्या वाडीची झोप उडविते.

गावाच्या पदरात काय पडते?

बंगला बांधताना वर्ष-दीड वर्ष गवंडी, सुतार, ट्रॅक्टरवाले, दुकानदार यांना काम मिळते. हे नाकारता येत नाही. बांधून झाल्यावर मात्र एक राखणदार, एक माळी आणि स्वयंपाकपाण्याला एक बाई, एवढेच काम उरते. वर्षातील बहुतेक दिवस घराला कुलूप. ज्या ३० गुंठ्यांत ऊस होता, तेथे नांगरट करणारा, लावणीच्या बायका, तोडणीची टोळी, बैलगाडीवान, ट्रॅक्टरचालक आणि शेवटी कारखान्यातील कामगार अशा अनेकांची चूल थोडी-थोडी पेटत होती. ही तुलना कोणी करून पाहत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला खडक काळा पाषाण, त्यात पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या व भेगांच्या थरात. एका ओळीत दहा बोअर पडले की शेजारच्या विहिरीला त्याचा फटका बसतो. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडत असला तरी वाईला तो हजारापर्यंतही क्वचित पोहोचतो. डोंगर हिरवा दिसतो म्हणून पाणी अमाप आहे, हा शहरी माणसाचा गैरसमज आहे. आपण तरी तो करून घेऊ नये.

तिसरी गोष्ट वाटेची, आणि ती माझ्या खात्याच्या थेट जिव्हाळ्याची. गेल्या काही हंगामांत तोडणीची टोळी फडापर्यंत गेली, पण कंपाउंड आडवे आल्याने ट्रॉली आत जाईना, असे प्रसंग आले. एका ठिकाणी मोळ्या डोक्यावरून दोनशे पावले वाहाव्या लागल्या. टोळीने वरकड पैसे मागितले, आणि ते चूक म्हणता येईनात. वहिवाटीची वाट किंवा पाट कोणी अडविला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. आपले लोक "बघू, बोलू" म्हणत वर्ष घालवितात आणि हक्क घालवून बसतात. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे अर्ज करावा.

आणि चौथी गोष्ट घरांची. गावठाणाची हद्द जुनी, कुटुंबे वाढली. ज्याच्याकडे जमीन नाही अशा आपल्या मजुराला घरकुल मंजूर झाले तरी ते बांधायला जागा लागते. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी शासनाची अर्थसाहाय्याची योजना आहे. ५०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. परंतु साहाय्याची रक्कम आणि आजचा गुंठ्याचा भाव यांचा मेळ बसत नाही. उद्या भांगलणीला, तोडणीला माणूस नाही म्हणून आपण ओरड करू, पण त्या माणसाने राहायचे कोठे याचा विचार आज करायला हवा. ग्रामसभेने गावठाणालगत गावच्या माणसासाठी जागा राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. तसेच प्रत्येक बंगल्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठला झाली आहे की नाही आणि घरपट्टी भरली जाते की नाही, हे सदस्यांनी पाहावे. पाणी, रस्ता, कचरा गावाचा आणि पट्टी कोणाचीच नाही, हे बरे नव्हे.

माझ्या घरची गोष्ट

उपदेश करणाऱ्याने आपल्या घरचे आधी सांगावे, म्हणून सांगतो. आमची वडिलार्जित जमीन डोंगराच्या पायथ्याशीच आहे. पाटाखाली दीड एकर बागायत आणि वर २२ गुंठे मुरमाड माळ. दोन वर्षांपूर्वी एक दलाल घरी आला. त्याने बोललेला आकडा ऐकून मी रात्रभर जागा होतो. माझ्या साऱ्या नोकरीचा पगार एका बाजूला आणि तो आकडा एका बाजूला. धाकटा भाऊ मुंबईला भाड्याच्या खोलीत आहे. तो फोनवर म्हणाला, "दादा, तू अधिकारी आहेस, तुझं भागतंय. माझ्या पोरांनी किती दिवस भाड्यानं राहायचं?" त्याचे बोलणे खोटे नव्हते.

आईला विचारले. ती म्हणाली, "माळावर कधी कुसळ उगवलं न्हाय, तो दिलास तर माझं काय म्हणणं न्हाय. पाटाखालच्याला हात लावू नगा." आम्ही बहिणींनाही बोलावले. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि कायदा नसता तरी त्यांना विचारायलाच हवे होते. सर्वांच्या संमतीने माळाचा पूर्ण २२ गुंठ्यांचा तुकडा मोजणी करून विकला. भावाने त्यात कर्जाची भर घालून बदलापूरला दोन खोल्या घेतल्या. बहिणींचा वाटा त्यांच्या नावे झाला. माझ्या वाट्याच्या पैशांतून विहिरीचे काम आणि दीड एकराला ठिबक केले. माळ गेला याचे आईला अजून थोडे वाईट वाटते, पण पाटाखालचा खोडवा पाहिला की ती गप्प होते.

आम्ही फार शहाणपणा केला असे नाही. त्या रात्री भावाचा फोन आला नसता तर मी काहीच विकले नसते, आणि आईने अडविले नसते तर कदाचित सगळेच विकले असते. घरातील सर्वजण एकत्र बसले, म्हणून निभावले.

विकायचेच असेल तर

ज्यांना विकणे भाग आहे त्यांनी खालील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) पाण्याखालची जमीन सर्वांत शेवटी. माळ, पोटखराबा, लांबचा तुकडा आधी.

२) गुंठा-गुंठा तोडून विकू नये. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात ग्रामीण भागातील प्रमाणभूत क्षेत्र बागायतीस १० गुंठे व जिरायतीस २० गुंठे आहे. २०२५ मध्ये शासनाने नागरी व निवासी विभागांतील जुन्या तुकड्यांना सवलत दिली, परंतु उसाच्या फडाचे गुंठे पाडण्यास ती परवानगी नव्हे. दहा जणांची नावे एका सात-बाऱ्यावर सामाईक घालून केलेला व्यवहार पुढे दहा भांडणांना जन्म देतो.

३) कूळ कायद्याने शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा दाखला पाहावा. आपली जमीन वर्ग-२ ची, नवीन शर्तीची, वतनाची किंवा पुनर्वसनात मिळालेली असेल तर परवानगी घेतल्याशिवाय इसारसुद्धा घेऊ नये.

४) कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याची घाई करू नये. इसाराच्या पाच-पन्नास हजारांवर जमीन दोन-तीन वर्षे अडकून पडते आणि दलाल तिचा पुढे सौदा करून मोकळा होतो. साठेखतात मुदत घालावी व ते नोंदवून घ्यावे.

५) विकण्यापूर्वी मोजणी करावी. वाट, पाट, विहिरीचा हिस्सा यांचा खरेदीखतात स्पष्ट उल्लेख करावा. उरलेल्या शेताला ट्रॉली जाईल एवढी वाट सोडल्याशिवाय सही करू नये.

६) कराची माहिती आधी घ्यावी. लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडील शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हद्दीत अगर दोन किलोमीटरच्या आत असेल, किंवा बिगरशेती करून प्लॉट पाडले असतील, तर कर लागू शकतो. जाणकाराचा सल्ला घ्यावा.

न विकता काय करता येईल?

दृश्याची किंमत येत असेल तर ती जमीन न देताही थोडीफार वसूल करता येते. पाचगणीजवळचे भिलार पाहा. स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झाले. आरंभी २५ ठिकाणी, बहुतांशी गावकऱ्यांच्या राहत्या घरांत, पुस्तके ठेवली. लोक वाचायला येतात, राहतात, जेवतात, स्ट्रॉबेरी घेऊन जातात. घरे गावकऱ्यांचीच राहिली. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. उसाचा फड, गुऱ्हाळ, हळद शिजविण्याचा हंगाम, हुरडा, यांतले आपल्याला काहीच नवे नाही, पण शहरातील मुलांनी ते पाहिलेले नाही. दोन स्वच्छ खोल्या, स्वच्छ संडास आणि घरचे जेवण एवढ्यावर आरंभ करता येतो. मात्र हा धंदा शनिवार-रविवारचा आणि सुट्ट्यांचा आहे. तो शेतीला जोड म्हणून बरा, शेती सोडून नव्हे.

शहर अगदी अंगावरच आले, तर एकत्र येण्याचा मार्ग आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी, जी पूर्वी आपल्यासारखाच ऊस करीत होती, ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली. त्यांनी ती बिल्डरला न विकता जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भाग घेतले आणि २००० सालापासून तेथे वसाहत उभी केली. पायथ्याच्या वाडीत मगरपट्टा होणार नाही, आणि होऊही नये. परंतु एकेकटा शेतकरी दलालापुढे दुबळा असतो आणि गाव एक झाले तर भाव व अटी गाव ठरविते, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? एकेकट्याच्या उसाला गुऱ्हाळवाला भाव पाडून मागत होता, म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी शेअर गोळा करून कारखाने काढले.

पुढची वाटचाल

येत्या दहा वर्षांत आपल्या पायथ्याच्या पट्ट्यात घरे वाढणार, हे उघड आहे. ती थांबविणे आपल्या हाती नाही आणि सर्वस्वी इष्टही नाही. कोणती जमीन घरांना द्यायची आणि कोणती पिकाला ठेवायची, हे मात्र अजून पुष्कळसे आपल्या हाती आहे. माळावर घरे, पाटाखाली पीक, ओढ्याला आणि उताराला मोकळीक, गावठाणालगत गावच्या माणसाला जागा, आणि ट्रॉलीला वाट, एवढे ज्या गावाने सांभाळले, त्या गावात ऊसही राहील आणि पाहुणाही येईल. ज्या गावाने मिळेल तेथे विकले, त्या गावात काही वर्षांनी ना ऊस राहील, ना पाहायला येण्यासारखे शिवार.

लेखाच्या आरंभी सांगितलेल्या त्या जुन्या सभासदांकडे मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. शेअरचे कागद घेऊन ऑफिसात या, पोटनियमांप्रमाणे काय होते ते आपण बसून पाहू, असे त्यांना सांगितले. ते "येतो" म्हणाले. मग फाटकाच्या आतल्या हिरवळीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, ह्या मातीत साठ टन काढलाय मी." मी ती जुनी नोंदवही घरी आल्यावर काढून पाहिली. आकडा बरोबर होता.

ज्यांच्याकडे दलाल आला असेल किंवा येणार असेल, अशा सभासदांनी सही करण्यापूर्वी एकदा गट ऑफिसला यावे. जमिनीचा भाव आम्हाला सांगता येणार नाही. पण त्या जमिनीने गेल्या वीस वर्षांत किती दिले, हे आमच्या दप्तरात लिहिलेले आहे. ते पाहून मग काय ते ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी